लीळाचरित्रातील दिनक्रम आणि घटनांचे कालकोष्टक

१. प्रश्नाचे स्वरूप

महानुभाव संप्रदायाने चक्रधरांच्या लीळा सांगून आणि लिहून जपल्या, तद्वतच त्यांची वेगवेगळ्या निकषांवर फेरमांडणी करूनही त्या जपल्या. केशिराजबासांनी लीळांतील वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला, दृष्टान्त निवडून दृष्टान्तपाठ रचला. स्थानपोथीने लीळांची स्थळे एकत्र नोंदविली. एकाच सामग्रीकडे निराळ्या क्रमाने पाहिले म्हणजे मूळ क्रमात न दिसणारे काही दिसू लागते, ही जाणीव या साऱ्या उद्योगामागे आहे. संगणकावरील स्प्रेडशीट हे अशा फेरमांडणीचे आजचे साधन होय. स्थानपोथीने जे स्थळाच्या बाबतीत केले, ते दिवसातील वेळेच्या बाबतीत करता येईल काय, आणि केल्यास त्यातून कोणते निष्कर्ष काढता येतील व कोणते येणार नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लीळाचरित्र या कामासाठी विशेष अनुकूल आहे. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथात लीळांची तिथी-वार क्वचितच सापडतात. पण दिवसाची वेळ वारंवार सापडते. उदयाचा पूजावसर, विहरण, दुपारचा पूजावसर, आरोगण, पहुड, उपहुड, वियाळी अशा नित्यक्रमाच्या टप्प्यांना धरून कितीतरी लीळा उलगडतात. अमुक पूजावसर झाल्यानंतर गोसावी विहरणास निघाले आणि तेथे अमुक घडले, अशी निवेदनाची ठरीव घडण आहे. ‘एके दिवशी’ अशा मोघम आरंभामुळे वर्षातील दिवस हरवतो, मात्र दिवसातील प्रहर राहतो. ही गोष्ट अभ्यासकाने गंभीरपणे घ्यावयास हवी.

२. नोंदीचे एकक आणि कोष्टकाची रचना

पहिला निर्णय एककाचा. कोष्टकातील एक आडवी ओळ म्हणजे एक लीळा असे धरले, तर अडचण तत्काळ उभी राहते. एखादी लीळा उदयाच्या पूजावसरापासून सुरू होऊन वियाळीपर्यंत चालते. तीत भेट असते, निरूपण असते, भोजनही असते. म्हणून एक ओळ म्हणजे एक लीळा नव्हे, तर एक घटना, असे ठरविणे इष्ट. लीळेचा क्रमांक हा त्या ओळीतील एक स्तंभ होय. एका लीळेच्या तीन ओळी झाल्या तरी बिघडत नाही. लीळांची संख्या आणि घटनांची संख्या यांत गल्लत होऊ नये, एवढेच पाहावे.

प्रत्येक ओळीत पुढील स्तंभ असावेत : आधारभूत आवृत्ती, विभाग, म्हणजे एकांक, पूर्वार्ध वा उत्तरार्ध, लीळाक्रमांक, स्थळ, घटनेचा वर्ग, ग्रंथातील कालवाचक शब्द जसाच्या तसा, त्यावरून ठरविलेला प्रहर, आणि त्या ठरविण्याची निश्चिती. यांतील मूळ शब्दाचा आणि निश्चितीचा असे दोन स्तंभ टाळण्याचा मोह होतो. पण कोष्टकाची विश्वसनीयता त्यांवरच उभी आहे. मूळ शब्द नोंदलेला असेल तर दुसरा अभ्यासक प्रहराचा निर्णय तपासू शकतो. तो नोंदला नसेल, तर कोष्टक म्हणजे संकलकाच्या मतांची यादी ठरते.

आवृत्तीचा स्तंभही अपरिहार्य आहे. मूळ पोथी परचक्रात नष्ट झाली आणि पुढे आठवणींच्या आधाराने पाठ पुन्हा सिद्ध करण्यात आले, असे परंपरा सांगते. शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या संपादनांतील लीळाक्रमांक एकमेकांशी जुळतीलच असे नाही. दोन आवृत्त्यांतील क्रमांक एकाच स्तंभात मिसळले गेले, तर पुढील सारे गणित व्यर्थ होय.

घटनांचे वर्ग मोजके आणि परस्परांहून स्पष्टपणे वेगळे असावेत : निरूपण, भेट, भोजन, विहरण, चमत्कार, परिवारातील प्रसंग. भोजनाच्या वेळी निरूपण झाले तर काय करावे, हा प्रश्न येणारच. तेथे एक घटना दोन वर्गांत न घालता दोन ओळी कराव्यात, किंवा प्रधान वर्ग आणि गौण वर्ग असे दोन स्तंभ ठेवावेत. कोणताही नियम चालेल. पण तो आरंभी लिहून ठेवावा आणि शेवटपर्यंत पाळावा.

३. शब्दाकडून प्रहराकडे

यानंतरचा निर्णय अधिक नाजूक आहे. स्प्रेडशीटला वेळ हवी असते ती अंकात. तिच्या हिशेबात पूर्ण दिवस म्हणजे १. दुपारचे बारा म्हणजे ०.५, सायंकाळचे सहा म्हणजे ०.७५. ग्रंथाला मात्र घड्याळ ठाऊक नाही. अहोरात्राचे आठ प्रहर, साठ घटका. म्हणजे प्रत्येक घटका २४ मिनिटांची आणि सरासरी प्रहर तीन तासांचा. योगायोग असा की, प्रहर हा दिवसाचा आठवा भाग असल्यामुळे त्याचे स्प्रेडशीटमधील मूल्य नेमके ०.१२५ येते. आलेखाच्या उभ्या अक्षावरील मुख्य अंतर ०.१२५ असे दिले की प्रत्येक रेषा एकेका प्रहराची सीमा दाखविते.

येथे एक सावधगिरी हवी. दिवसाचे चार प्रहर सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे चार समान भाग होत. महाराष्ट्रात दिनमान हिवाळ्यात सुमारे ११ तासांचे, तर उन्हाळ्यात सव्वातेरा तासांच्या आसपास असते. त्यामुळे दिवसाचा प्रहर पावणेतीन तासांपासून सव्वातीन तासांहून किंचित अधिक एवढा बदलतो. लीळेचा ऋतू बहुधा ज्ञात नसतो. अशा स्थितीत ‘सकाळी ८ वाजून १० मिनिटे’ अशी नोंद करणे म्हणजे ग्रंथाने न दिलेले ज्ञान त्याच्यावर लादणे होय. प्रहराचा क्रमांक, म्हणजे १ ते ८, हीच नोंद पुरेशी आणि प्रामाणिक आहे. घटना एकाहून अधिक प्रहरांत पसरलेली असेल, तर आरंभप्रहर आणि अंत्यप्रहर असे दोन स्तंभ करावेत.

शब्दाचा प्रहर ठरविताना केवळ कोशावर विसंबून भागत नाही. ‘पहुड’ या शब्दाचे उदाहरण पुरेसे आहे. आरोगणेनंतरचा पहुड ही दुपारची विश्रांती. वियाळीनंतरचा पहुड म्हणजे रात्रीची निद्रा. शब्द एकच, पण त्याचे दोन अर्थ कोष्टकात काही प्रहरांच्या अंतरावर जाऊन बसतात. संगणकाला ‘पहुड’ शोधून सर्वत्र एकच अंक भरण्यास सांगितले, तर तो ते निमूटपणे करील आणि दुपारच्या घटना रात्रीत, नाही तर रात्रीच्या घटना दुपारी जाऊन पडतील. म्हणून निश्चितीचे तीन स्तर मानावेत. काळ शब्दाने सांगितला असेल तर वाच्य. मागच्यापुढच्या क्रमावरून ठरविला असेल तर सूचित. मुळीच ठरत नसेल तर अनुक्त.

४. दिवस कोठे तोडावा

काळ वर्तुळाकार आहे. कोष्टक सरळ रेषेत चालते. वर्तुळ कोठेतरी तोडल्याशिवाय ते अक्षावर मांडता येत नाही. स्प्रेडशीट ते मध्यरात्री तोडते, कारण तिचा दिवस तेथे सुरू होतो. पंचांगाचा वार सूर्योदयाला सुरू होतो. हा भेद केवळ संकेताचा नाही. रात्री ११ ची एक घटना आणि रात्री १ ची दुसरी यांची सरासरी स्प्रेडशीटकडून काढून घेतली, तर उत्तर येते दुपारचे १२. दोन्ही घटना मध्यरात्रीच्या आसपासच्या. सरासरी मात्र भर दुपारची!

यावरील उपाय सोपा आहे. नोंद घड्याळाच्या वेळेत असेल, तर प्रत्येक वेळेतून सूर्योदयाचे मूल्य वजा करावे (सहा वाजता सूर्योदय धरल्यास ०.२५), आणि ‘मॉड’ या फलनाने तिला १ ने भागून उरणारी बाकी घ्यावी. त्या बाकीला ८ ने गुणून ‘इंट’ या फलनाने पूर्णांक काढावा व त्यात १ मिळवावा. म्हणजे प्रहराचा क्रमांक मिळतो. पहाटेचे चार या रीतीने आठव्या प्रहरात, म्हणजे रात्रीच्या शेवटच्या प्रहरात येतात, आणि पंचांगाचा हिशेबही तसाच आहे. वरील उदाहरणातील ११ आणि १ यांची सरासरीही आता मध्यरात्रीचीच येते. तरीही सरासरीच्या आहारी न जाणे बरे. सूर्योदयाच्या किंचित आधीच्या आणि किंचित नंतरच्या घटना आता अक्षाच्या दोन टोकांना जातात. ज्या अभ्यासात पहाटेला महत्त्व आहे, तेथे वर्तुळ रात्रीच्या मध्यावर तोडणेच योग्य ठरेल. घटना जेथे सर्वांत विरळ, तेथे तोड, हा व्यवहार्य नियम होय.

५. आलेख

आलेखाचे दोन प्रकार उपयोगी पडतात. पहिला स्कॅटर आलेख : आडव्या अक्षावर लीळाक्रमांक, उभ्या अक्षावर प्रहर, आणि प्रत्येक वर्गाला निराळा रंग वा निराळी खूण. त्यासाठी प्रत्येक वर्गाचा स्वतंत्र स्तंभ करावा लागतो. घटना त्या वर्गातील असेल तरच तेथे प्रहराचा अंक येतो, एरवी ‘एनए’ हे फलन घालून ती जागा आलेखाच्या दृष्टीने रिकामी ठेवावी. तेथे शून्य पडू दिले, तर खालच्या अक्षावर न घडलेल्या घटनांची एक ओळच उभी राहते. लीळाक्रमांक म्हणजे दिनांक नव्हे, याचेही भान ठेवावे. डावीकडून उजवीकडे जाणारा क्रम हा ग्रंथाचा आहे.

दुसरा प्रकार म्हणजे पिव्होट कोष्टक : आडव्या ओळींत घटनांचे वर्ग, उभ्या स्तंभांत आठ प्रहर आणि नववा स्तंभ ‘अनुक्त’, प्रत्येक घरात घटनांची संख्या. ही संख्या त्या त्या वर्गाच्या एकूण संख्येच्या टक्केवारीत वाचावी. निरूपणाच्या घटना मुळातच अधिक असतील, तर प्रत्येक प्रहरात त्याच अधिक दिसतील आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही.

६. अनुक्ताचे मूल्य

सर्वाधिक दिशाभूल होते ती नवव्या स्तंभाच्या बाबतीत. समजा, १०० घटना नोंदल्या. त्यांपैकी ४० घटनांचा काळ ठरतो, आणि त्या ४० पैकी २० पहिल्या प्रहरातील आहेत. अनुक्त वगळले तर पहिल्या प्रहराचे प्रमाण ५० टक्के येते. सर्व घटना धरल्या तर २० टक्के. वस्तुतः उरलेल्या ६० घटना कोठेही घडल्या असू शकतात. म्हणजे खरे प्रमाण २० ते ८० टक्के यांच्या दरम्यान कितीही असू शकेल. अशा सामग्रीवर ‘चक्रधरांचे निम्मे कार्य सकाळी होत असे’ असे विधान प्रबंधात आले, तर ते आकडेवारीने सजविलेले अज्ञान ठरते.

पण अनुक्ताकडे केवळ अडचण म्हणून पाहणेही चूक होईल. लीळा आठवणीतून सांगितल्या गेल्या. सांगणाऱ्यांचा दिवस सेवेच्या टप्प्यांनी बांधलेला होता. पूजा, स्वयंपाक, आरोगण यांची व्यवस्था पाहणारा बाइसांसारखा परिवार सभोवती होता. त्या टप्प्यांच्या जवळ घडलेले प्रसंग त्या टप्प्यांना अडकवून स्मरणात राहिले असणे स्वाभाविक आहे. जे त्यांपासून दूर घडले, त्यांची वेळ विरून गेली असावी. पूजावसराच्या आसपास आलेखात जी दाटी दिसेल, ती चक्रधरांच्या दिवसातील घटनांची दाटी असेलच असे नाही. ती भक्तांच्या स्मरणातील दाटी असू शकते. आलेख घडण्याचा काढला असे वाटते, आणि तो निघतो सांगण्याचा.

हा भेद तपासून पाहण्याची सोय ग्रंथातच आहे. एकांकात चक्रधरांच्या एकाकी भ्रमणाचा काळ येतो. नित्यसेवा करणारा परिवार तेव्हा सोबत नाही. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांत तो आहे. वरील तर्क बरोबर असेल, तर एकांकात अनुक्ताचे प्रमाण अधिक असावयास हवे आणि जेथे काळ सांगितला आहे तेथे तो पूजावसरासारख्या सेवावाचक शब्दांऐवजी पहाट, दुपार, रात्र अशा सामान्य शब्दांनी सांगितलेला असावा. तसे आढळले नाही, तर तर्क सोडावा लागेल. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका सत्रात पुरे करता येईल असे हे काम आहे, आणि त्याचे उत्तर कोणतेही आले तरी ते उपयुक्तच ठरेल.

७. समारोप

ही पद्धती लीळाचरित्रापुरती मर्यादित नाही. जात्यावरच्या ओव्यांत गाण्याची वेळ बहुधा पहाटेची, पण ओवीतील प्रसंगाची वेळ निराळी असू शकते; तेथे या दोन काळांसाठी दोन स्तंभ लागतील. कादंबरीत निवेदनाचा काळ आणि घटनेचा काळ वेगळे करावे लागतील. प्रत्येक ठिकाणी मूळ शब्द जपणे, निश्चिती नोंदविणे, वर्तुळ कोठे तोडले ते सांगणे आणि अनुक्ताला कोष्टकात जागा देणे, ही चार पथ्ये मात्र तीच राहतील.

स्प्रेडशीट वाचनाची जागा घेत नाही. प्रत्येक ओळ भरताना लीळा पुन्हा वाचावी लागते, आणि हा पहुड दुपारचा की रात्रीचा, असा प्रश्न पडल्यावर तर ती दोनदा वाचावी लागते. कोष्टकाचा पहिला लाभ आलेखापूर्वीच पदरात पडतो, तो हा.