खेळणाऱ्याची वाट पाहणारा वाद्यवृंद

चित्रपटाचे पार्श्वसंगीत आपल्या परिचयाचे आहे. नायिकेस दार उघडून आत येण्यास किती सेकंद लागतात, हे संगीतकारास आधीच ठाऊक असते आणि त्या मापाने तो स्वररचना बेततो. व्हिडिओ गेम या नावाने घराघरांत पोहोचलेल्या खेळांत मात्र असे माप मिळतच नाही. एक खेळाडू दारातून तत्काळ आत शिरतो. दुसरा अर्धा तास भिंतीवरील चित्रे न्याहाळीत उभा राहतो. तिसरा तिकडे फिरकतही नाही. प्रसंगाचा काळ ज्याच्या हाती नाही, त्या संगीतकाराने कथा सांगावी तरी कशी? आज याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

त्याचे अगदी प्राथमिक उत्तर १९७८ साली जपानात निघालेल्या ‘स्पेस इनव्हेडर्स’ या खेळात सापडते. परग्रहावरील शत्रूंच्या रांगा वरून खाली सरकत येतात आणि त्यांच्याबरोबर खर्जातील चार स्वर पुनःपुन्हा वाजत राहतात. शत्रूंची संख्या घटते, तशी उरलेल्यांची चाल वाढते आणि स्वरांची लयही वाढते. रचना म्हणून हे चार स्वर अगदीच साधे. पण संकट जवळ आल्याची वार्ता ते शब्दावाचून देतात.

पुढे १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’साठी कोइची सुगियामा यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वळणाच्या रचना केल्या. त्या वेळच्या घरगुती यंत्रातून मोजकेच स्वर निघत असत. तथापि १९८७ साली तोक्योच्या सन्टोरी हॉलमध्ये त्या प्रत्यक्ष वाद्यवृंदाने वाजविल्या, तेव्हा त्यांतील मूळ कल्पनेचा विस्तार लोकांच्या कानी पडला.

परंतु ध्वनिमुद्रित वाद्यवृंद आपल्याच गतीने पुढे जातो. तो खेळाडूसाठी थांबत नाही. या अडचणीवर दोन उपाय आहेत. पहिला थरांचा. तंतुवाद्ये, पितळी वाद्ये आणि तालवाद्ये एकाच लयीत, पण निरनिराळी मुद्रित करतात. संगणक ती सारी एकदम चालू ठेवतो, मात्र प्रसंगानुसार एखादा थर मिटतो, एखादा उघडतो. दुसरा उपाय सांध्यांचा. रचनेत ठिकठिकाणी अशा जागा राखून ठेवतात, की जेथून दुसऱ्या रचनेत बेमालूम शिरता यावे. १९९१ च्या ‘मंकी आयलंड’ मालिकेतील दुसऱ्या खेळात मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी ही योजना संगणकाच्या कृत्रिम स्वरांवर सिद्ध केली. कीर्तनात बुवा आख्यान लांबवू लागले, की साथीदार ठेका धरून राहतात आणि बुवांनी अभंगास हात घातला, की त्यांच्याबरोबर समेवर येतात. येथे साथीदाराचे हे अवधान संगणकाकडे सोपविलेले असते.

या तंत्राने कथा कशी उभी राहते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०१२ साली अमेरिकेत निघालेला ‘जर्नी’ हा खेळ. त्यात संवादाचा एकही शब्द नाही. झगा घातलेला एक प्रवासी वाळवंटातून दूरच्या पर्वताकडे चालला आहे, एवढीच कथा. संगीतकार ऑस्टिन विंटोरी यांनी चेलो हे वाद्य प्रवाशाचे, म्हणजेच खेळणाऱ्याचे प्रतीक कल्पिले आणि इतर वाद्ये भोवतालच्या जगाची. आरंभी चेलो यंत्रस्वरांच्या बरोबरीनेच चालतो. पुढे झगडत झगडत तो प्रमुख होतो. पर्वतावरील बर्फात प्रवाशाची पावले मंदावतात, संगीत विरत जाते आणि अखेर तो कोसळतो. त्यानंतरच्या आरोहणात वाद्यवृंद पूर्ण भरात येतो, तेव्हा ती चढण खेळणाऱ्यास स्वतःची वाटते. चित्रपटात आपण दुसऱ्याचे दैव पाहतो. येथे प्रत्येक पाऊल त्याने स्वतः टाकलेले असते आणि संगीत त्या पावलासाठी थांबलेले असते.

घरातील वडील मंडळी या खेळांचा आवाज कमी करावयास सांगतात. एकदा तो तसाच राहू द्यावा, मुलाशेजारी बसावे, आणि त्याने पाऊल थांबविले म्हणजे वाद्यवृंद काय करतो, तेवढे ऐकावे.