व्यायामारंभी होणारी भारवृद्धी : मेद नव्हे, मग काय?

‘डॉक्टर, वजन उतरावे म्हणून जिमला जाऊ लागले, आणि पंधरा दिवसांत काटा दीड किलोने वर गेला.’ नववर्षाचे संकल्प ताजे असतात त्या जानेवारी महिन्यात ही तक्रार चिकित्सालयात हमखास ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा असे सांगितले आहे. मधुमेह, संधिवात, रजोनिवृत्ती अशा अवस्थांत आपणही आता असा व्यायाम सुचवितो. परंतु आरंभीच वाढलेला आकडा पाहून रुग्ण घाबरतो व व्यायाम सोडतो, किंवा औषधाच्या दुकानात जाऊन मेदनाशक म्हणून मिळेल ते घेतो. दोन्ही गोष्टी अहितकारक आहेत. म्हणून हे वजन नेमके कशाचे, हे वैद्याने समजून घेतले पाहिजे.

प्रथम साधे गणित करावे. १ किलो शरीरमेदात सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. दीड किलो मेद दहा दिवसांत साठायचा, तर रोजच्या गरजेपेक्षा सुमारे १,१५० किलोकॅलरी अधिक आहार दहाही दिवस पोटात जावा लागेल. नेहमीचीच भाजी-भाकरी जेवणाऱ्या व्यक्तीत हे संभवत नाही. बरे, ही मांसधातूची वृद्धी म्हणावी, तर तीही इतकी शीघ्र होत नाही. पहिल्या काही आठवड्यांत पूर्वीपेक्षा जड वजन उचलता येऊ लागते, ते बव्हंशी मज्जासंस्था स्नायूंना अधिक नेमकेपणाने कामाला लावावयास शिकते म्हणून. स्नायूंचा आकार त्यामागून, सावकाश वाढतो.

उरते ते जल, आणि बहुतांश वाढ त्याचीच असते. अनभ्यस्त स्नायूवर भार पडला की त्यातील तंतूंना सूक्ष्म क्षती होते. विशेषतः वजन सावकाश खाली आणताना, किंवा बैठक मारताना खाली जाण्याच्या क्रियेत ही क्षती अधिक होते. तिच्या दुरुस्तीसाठी तेथे शोथ उत्पन्न होतो व द्रव साचतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरतात, ते याच प्रक्रियेचे लक्षण. दुसरे कारण ग्लायकोजनचे. व्यायाम करणारा स्नायू पिष्टमय आहारातून मिळालेली शर्करा ग्लायकोजनच्या रूपाने अधिक साठवू लागतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरले जाते. हा साठा १५० ग्रॅमने वाढला, तरी काट्यावर सुमारे ६०० ग्रॅम दिसतात. पूर्वी उपवास किंवा भात-पोळी वर्ज्य करून वजन उतरविलेल्यांत, नीट जेवण सुरू होताच हा फरक ठळक दिसतो. याखेरीज नियमित व्यायामाने रक्तातील द्रवभागही काहीसा वाढतो. स्त्रियांत रजःकालापूर्वीचे जलधारण या सर्वांत मिसळले की आकडा आणखीच फसवा होतो.

आपल्या शास्त्राच्या दृष्टीने पाहता, चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २८ व्या अध्यायात दोष कोष्ठातून शाखांत जाण्याची कारणे सांगितली आहेत, त्यांत व्यायाम पहिला आहे. स्नायूंतील या शोथाशी त्याची सरळ तुल्यता लावण्याचा अट्टहास मी करणार नाही. आधुनिक प्रत्येक शोधाला संहितेत जागा शोधण्याची आपली सवय सर्वत्र उपकारक ठरतेच असे नाही. तथापि चिकित्सेस उपयोगी असा भेद येथे निश्चित सापडतो. व्यायामाच्या गुणांत लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य व अग्निवृद्धी सांगितली आहे. रुग्णाला ‘अंग हलके वाटते का, भूक वेळेवर लागते का, कंबरेचे वस्त्र सैल झाले का’ असे विचारावे. काटा वर गेला असूनही उत्तर होकारार्थी असेल, तर ती मेदोवृद्धी नव्हे. उलट गौरव, आलस्य, अतिस्वेद, अतिक्षुधा वाढत असतील, तर व्यायामानंतर घेतले जाणारे मिल्कशेक व केळी यांचा हिशेब मागावा.

व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत माझ्याकडून याबाबत चूक झाली आहे. अशाच एका रुग्णेस मेदोहर गुग्गुळाच्या जोडीला मूत्रल काढा व रात्री सोनामुखीयुक्त चूर्ण दिले. चार दिवसांत वजन उतरले, ती प्रसन्न झाली आणि पाचव्या दिवशी व्यायाम करताना भोवळ येऊन पडली. उतरले होते ते पाणीच. स्वेदाने द्रव जात असता मूत्रल व रेचक यांची भर घालणे हे लेखन नव्हे. अशा वेळी अभ्यंग, सुखोष्ण स्नान, पुरेसे जल व निद्रा आणि अर्धशक्तीची मर्यादा एवढेच पुरते. कपाळ, नाक, काख यांवर स्वेद व मुखशोष दिसू लागला की थांबावे, ही खूण जिममधील प्रशिक्षकालाही सांगण्याजोगी आहे. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी मलमूत्रविसर्गानंतर पाहावे व नाभीपाशी कंबरेचे माप लिहून ठेवावे. बहुधा तीन ते सहा आठवड्यांत आकडा स्थिरावतो.

प्रयोगशाळेच्या अहवालाबाबतही सावध असावे. अनभ्यस्त व्यक्तीने जड व्यायाम केल्यावर एसजीओटी, एसजीपीटी व सीपीके आठवडाभर किंवा अधिक काळ वाढलेले राहू शकतात. ते पाहून यकृद्विकाराचे निदान करणे, किंवा चालू औषधीला दोष देणे, घाईचे होते. काही दिवस व्यायाम थांबवून तपासणी पुन्हा करावी.

औषधी-विक्रेत्या बंधूंचा संबंध क्रिएटीनपाशी येतो. पहिले ५ ते ७ दिवस दररोज २० ग्रॅम घेण्याची पद्धत रूढ आहे. तीत केवळ जलधारणाने १ ते २ किलो वाढू शकतात. दररोज ३ ग्रॅम घेतल्यास तोच साठा सुमारे चार आठवड्यांत होतो व वाढ सावकाश दिसते. डबा विकताना हे सांगितले, तर तोच ग्राहक आठ दिवसांनी मेदनाशक गोळ्या मागावयास येणार नाही. क्रिएटीनने रक्तातील क्रिएटिनिनही वाढू शकते, म्हणून वृक्काची तपासणी लिहिणाऱ्या वैद्याला रुग्णाने ते घेत असल्याचे कळवावे. ‘व्यायाम केव्हा सुरू केला?’ हा एक प्रश्न काउंटरवर विचारला जावा, अशी माझी विनंती आहे.

मात्र प्रत्येक भारवृद्धी निरुपद्रवी समजू नये. पायांवर दाबल्यास खळगा पडणारा शोथ, आडवे होताच श्वास लागणे, चेहऱ्यावर सूज, किंवा सहा आठवड्यांनंतरही कंबरेच्या मापासह वाढत राहणारे वजन असेल, तर हृदय, वृक्क व थायरॉइड यांचा विचार करावा. व्यायामानंतर असह्य स्नायुशूल, ताठलेले अवयव व कोऱ्या चहासारखे गडद मूत्र दिसल्यास स्नायूंचा मोठा नाश होऊन वृक्कावर आघात होण्याची शक्यता असते. तेथे वेदनाशामक गोळ्या वा मूत्रल काढे देत बसू नये. असा रुग्ण त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावा आणि सोबतच्या चिठ्ठीत व्यायामाचा प्रकार, दिवस व चालू औषधे लिहावीत.