सर्पगंधेचे मूळ

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या अरण्यांत, मोठ्या वृक्षांच्या सावलीत, सर्पगंधा नावाचे एक लहानसे झुडूप वाढते. एकेका पेरावर बहुधा तीन-तीन पाने, तांबड्या देठांवर पांढरी फुले आणि पिकल्यावर काळसर जांभळी होणारी फळे, यांवरून ते ओळखता येते. त्याचे मूळ अतिशय कडू असते. निद्रानाशावर व उन्मादावर ते देण्याची चाल भारतात फार जुनी आहे.

मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी हे मूळ रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिले व आपला अनुभव १९४९ साली प्रसिद्ध केला. तेव्हा जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी मुळातून रेसर्पिन नावाचे द्रव्य वेगळे काढले. त्याने रक्तदाब उतरे. परंतु काही रुग्ण अकारण खिन्न होत, कशातच त्यांचे मन रमेना. रक्तदाबाच्या औषधाने मन का कोमेजावे?

मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप धाडतात. काही रासायनिक द्रव्ये हे निरोप पोचवतात. सेरोटोनिन हे त्यांपैकीच एक होय. एक पेशी ते सोडते, दुसरीस निरोप मिळतो आणि मग पहिली पेशी ते पुन्हा शोषून घेते. रेसर्पिनमुळे सेरोटोनिनचा साठा रिता होतो, असे १९५५ साली अमेरिकेत सशांवरील प्रयोगांत दिसून आले. मग शास्त्रज्ञांनी उलट विचार केला : सेरोटोनिन अधिक वेळ टिकविले, तर खिन्नता हटेल काय? या विचारातून, ते परत शोषले जाऊ न देणारी औषधे निर्माण झाली. त्यांपैकी फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळाली.

तथापि कोडे पुरते सुटलेले नाही. या औषधांचा सेरोटोनिनवरील परिणाम लवकर होतो. पण रुग्णास आराम पडण्यास काही आठवडे लागतात. म्हणून सेरोटोनिनची उणीव हेच नैराश्याचे एकमेव कारण, असे आज मानले जात नाही. नैराश्य हा आजार आहे, मनाचा दुबळेपणा नव्हे, आणि त्यावर उपचार होऊ शकतात. मात्र औषध वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे. अरण्यातील मूळ आपल्या मनाने खाणे घातक ठरते.

मुळासाठी खणलेले झुडूप बहुधा पुन्हा उभे राहत नाही. अशा खणण्यामुळे सर्पगंधा विरळ होत चालली आहे. ज्या झुडपाने मनाच्या व्यथेवर प्रकाश टाकला, ते जपणे हे मनुष्याचे कर्तव्यच होय.