दुव्याचा पगार कोण देतो?

सामाजिक संस्था, कंपनी आणि सरकारी खाते यांना एका टेबलाशी बसवणे हा आता स्वतंत्र पेशा झाला आहे. व्हिजिटिंग कार्डावर ‘स्ट्रॅटेजी कन्सल्टंट’ असे लिहिलेले असते. हा माणूस नेमके काय करतो, याचा मी काही काळ पाठपुरावा केला.

पेशाचे मूळ अमेरिकेत आहे. २००० साली बेन अँड कंपनीच्या पाठबळाने बॉस्टनला ब्रिजस्पॅन ही ना-नफा सल्लागार संस्था निघाली. उद्योगांना विकले जाणारे शहाणपण संस्थांनाही मिळावे, हा हेतू. मग २०११ मध्ये जॉन कानिया आणि मार्क क्रेमर यांचा ‘कलेक्टिव्ह इम्पॅक्ट’ हा लेख आला आणि पेशाला जणू पोथीच मिळाली. सिनसिनाटी परिसरात शाळा, विद्यापीठे, देणगीदार, उद्योग यांचे तीनशेहून अधिक प्रमुख ‘स्ट्राइव्ह’ या छत्राखाली जमले होते, त्याचे उदाहरण लेखात आहे. सूत्रे पाच: समान उद्दिष्ट, मोजमापाची एकच पट्टी, एकमेकांना पूरक कामे, सतत संवाद, आणि हे सगळे सांभाळणारी पगारी माणसांची स्वतंत्र संस्था. या शेवटच्याला ते ‘कणा’ म्हणतात.

माझ्या मते खरी मेख या कण्यातच आहे. बैठक ठरवणे, टिपणे पाठवणे, रुसलेल्याला परत आणणे ही कामे कुणाच्याच अहवालात दिसत नाहीत. म्हणून त्यांना पैसेही मिळत नाहीत. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. २०२१ च्या नियमांत पाच टक्क्यांची प्रशासकीय मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या खर्चापुरती. पण अनुदान देताना तीच फूटपट्टी संस्थेलाही लावलेली दिसते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली, शिवाय एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणेच बंद झाले. सहकार्याची भाषणे वाढत होती, त्याच काळातली ही गोष्ट.

उलटे उदाहरण पुण्याचे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणातल्या कार्यकर्त्या आणि बाबा आढाव तिच्यामागे होते. आधी महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे मिळाली. वेचकांमुळे पालिकेचा कचरा-वाहतुकीचा खर्च किती वाचतो, याचा हिशेबही संघटनेने मांडला. पुढे सदस्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला: घरोघरचा कचरा वेचक उचलणार, शुल्क थेट रहिवासी देणार, देखरेखीचा आणि व्यवस्थापनाचा भार पालिका उचलणार.

म्हणजे कणा इथेही होता आणि त्याचा खर्च करारात लिहिलेला होता. फरक इतकाच, की टेबलाशी बसण्याआधी वेचकांच्या हाती पंधरा वर्षांची संघटना होती. सल्लागाराचे काम याने फुकट ठरत नाही. मोजमाप, हिशेब, कराराचा मसुदा याला कसबी माणूस लागतोच. मात्र त्याची फी बहुधा देणगीदार भरतो, आणि ज्यांच्यासाठी योजना आखली त्यांच्याकडे त्याला बदलण्याचा अधिकार नसतो. पुण्यात संस्थेचे मालकच वेचक होते.