विश्लेषण : नवी गिटार हाताला जड का वाटते? आधी काय बदलावे, कशाला हात लावू नये?

वाढदिवसाला किंवा पहिल्या पगारातून घेतलेली पाच-दहा हजारांची अकूस्टिक गिटार अनेक घरांत काही महिन्यांतच कपाटावर जाऊन बसते. बोटे दुखतात, ‘एफ’ कॉर्ड काही केल्या वाजत नाही आणि ‘आपल्याला जमणार नाही’ असा निष्कर्ष निघतो. काही जण दुसऱ्या टोकाला जातात. महागड्या खुंट्या, पितळी पिना, पिकअप असा खर्च सुरू होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा अडचण तारांच्या उंचीत असते आणि ती कमी खर्चात दूर करता येते.

नवी गिटार जड का वाजते?

तार आणि तिच्याखालील फ्रेट यांतील अंतराला ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. कारखान्यातून निघालेल्या स्वस्त गिटारीत हे अंतर बहुधा जास्त ठेवलेले असते. तारा खाली असल्या आणि प्रवासात, गोदामात लाकूड थोडे हलले, तर तार फ्रेटला घासून खरखरते आणि ग्राहक गिटार परत करतो. उंच तारांची तक्रार मात्र नवशिका करत नाही, तो स्वतःलाच दोष देतो. शिवाय प्रत्येक गिटार हाताने जुळवून देणे या किमतीत परवडत नाही. जवारी न काढलेला तानपुरा घेऊन कोणी गायला बसत नाही. मिरजेचे कारागीर घोडीवर तासन्‌तास काम करून तानपुऱ्याची जवारी लावतात. गिटारलाही अशाच जुळवणीची गरज असते. तिला ‘सेटअप’ म्हणतात.

हे घरी कसे तपासावे?

गिटार आधी नेहमीच्या सुरात लावावी. मग मिलिमीटरच्या पट्टीने बाराव्या फ्रेटवर तारेचे अंतर मोजावे. स्टीलच्या तारांच्या गिटारीत सर्वात जाड तारेखाली साधारण २.५ मिमी आणि सर्वात बारीक तारेखाली साधारण २ मिमी अंतर सोयीचे मानतात. ते तीन मिमीच्या पुढे गेले, की हाताला जाणवू लागते. दुसरी तपासणी ‘नट’ची. नट म्हणजे खुंट्यांकडील टोकाला असलेली खाचांची पट्टी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर पाहावे. तिथे केसाएवढीच फट दिसायला हवी. जास्त फट असेल, तर नटच्या खाचा उंच आहेत. ‘एफ’ कॉर्डमध्ये सगळ्या तारा पहिल्याच फ्रेटवर, म्हणजे नटला लागून दाबाव्या लागतात. त्यामुळे उंच नटचा सर्वाधिक त्रास तिथेच होतो.

सेटअपमध्ये नेमके काय होते?

पहिले काम ‘ट्रस रॉड’चे. गिटारच्या मानेत बसवलेली ही लोखंडी सळई तारांच्या ताणाला तोलून धरते. मानेला किंचित बाक हवा. तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली, तर मध्ये जेमतेम पातळ व्हिजिटिंग कार्ड जाईल इतका. सळई एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवत नाहीत. अ‍ॅक्शन कमी करण्यासाठी ट्रस रॉड पिळत राहणे ही नेहमीची चूक आहे. उंचीसाठी खरा उपाय ‘सॅडल’ आहे. ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती ही उभी पट्टी. बारावा फ्रेट तारेच्या साधारण मध्यावर असल्याने तिथे अर्धा मिमी उंची कमी करायची, तर सॅडल सुमारे एक मिमी घासावी लागते. ती नेहमी खालच्या सपाट बाजूने घासतात. तिसरे काम नटच्या खाचा खोल करण्याचे. ते जाणकारानेच करावे, कारण खाच प्रमाणाबाहेर गेली, की मोकळी तार खरखरते आणि नट बदलावे लागते.

तारा आणि सॅडल बदलल्याने किती फरक पडतो?

सर्वात कमी पैशांत सर्वात जास्त फरक तारांनी पडतो. दुकानात महिनोन्‌महिने टांगलेल्या गिटारीच्या तारा गंजून मंदावलेल्या असतात. बहुतेक गिटारींवर ‘१२’ जाडीचा, म्हणजे सर्वात बारीक तार ०.०१२ इंचाची असलेला संच असतो. त्याचा एकूण ताण सुमारे ७० किलो भरतो. नवशिक्याने १० किंवा ११चा संच लावला, तर बोटांना आराम मिळतो, आवाज मात्र थोडा पातळ होतो. ८०-२० ब्राँझच्या तारांचा आवाज चमकदार असतो, तर फॉस्फर ब्राँझचा अधिक उबदार. प्लास्टिकच्या पोकळ सॅडलऐवजी हाडाची, नीट बसणारी सॅडल लावल्यास आवाज अधिक स्पष्ट होऊ शकतो. मूळ सॅडल जपून ठेवावी. एक धोका मात्र लक्षात हवा. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीही लावू नयेत. तो ताण सोसण्यासाठी ती बनवलेली नसते. ब्रिज उखडू शकतो.

कोणता खर्च टाळता येईल?

‘सूर टिकत नाही’ म्हणून अनेक जण खुंट्या बदलतात. बऱ्याचदा कारण वेगळे असते. नव्या तारा ताणून स्थिरावलेल्या नसतात किंवा नटच्या खाचेत तार अडकते. खाचेत पेन्सिलीचे शिसे घासले, तरी अनेकदा काम भागते. पितळी किंवा हाडाच्या ब्रिज पिनांनी पडणारा फरक फारच सूक्ष्म असतो. पिकअपची गरज मंचावर वाजवणाऱ्यालाच असते. ध्वनिछिद्रात अडकवायचा पिकअप काढता येतो. सॅडलखालच्या पिकअपसाठी मात्र गिटारला जॅकचे भोक पाडावे लागते आणि प्रीअ‍ॅम्पसाठी कड कापावी लागते. असे बदल मागे घेता येत नाहीत, शिवाय वॉरंटीही जाऊ शकते. वॉरंटीची मुदत संपेपर्यंत कापाकापी टाळलेली बरी.

हवामानाचा काय संबंध?

गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. कोकण, मुंबई, गोव्यात पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर जाते. मग वरची फळी फुगते आणि तारा उंचावतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात उलटे होते. लाकूड आकसते, फ्रेटची टोके बाहेर येऊन बोचू लागतात आणि तारा खरखरतात. म्हणून ऐन पावसाळ्यात सॅडल घासून घेतली, तर उन्हाळ्यात ती कमी पडू शकते. त्या काळात थोडी उंची राखून काम करावे. बंद पेटीत सिलिका जेलची पाकिटे आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवणे हा कोणत्याही सुट्या भागापेक्षा उपयोगी खर्च ठरतो.

मग थांबायचे कुठे?

गिटारचा आवाज प्रामुख्याने वरची फळी आणि तिच्या आतील पट्ट्यांवर ठरतो. स्वस्त गिटारीत ही फळी प्लायसारखी थरांची असते, महाग गिटारीत सलग स्प्रूस किंवा सीडरची. थरांची फळी कोणत्याही सुट्या भागाने सलग होत नाही. त्यामुळे खर्चाचा क्रम सोपा आहे : आधी नव्या तारा, मग सेटअप, गरज असल्यास हाडाची सॅडल. इथवरचा खर्च सहसा नव्या गिटारच्या किमतीचा लहानसा भाग असतो. त्यापुढे मनासारखा आवाज मिळत नसेल, तर पैसे साठवून सलग फळीची दुसरी गिटार घेणे शहाणपणाचे. पण तो निर्णय सेटअपनंतर दोन-तीन महिने वाजवून झाल्यावर घ्यावा. तोपर्यंत ‘एफ’ कॉर्ड वाजू लागण्याची शक्यता बरीच असते.