एकाच चौकटीत दोन दृश्ये : खेळण्यातल्या कॅमेऱ्याची किमया

बहुतेक फिल्म कॅमेऱ्यांत रोल पुढे सरकल्याशिवाय शटर दबत नाही. एका फोटोवर दुसरा फोटो येऊ नये, यासाठी केलेली ती तजवीज असते. हाँगकाँगमध्ये १९८२ साली तयार झालेल्या 'होल्गा' या प्लास्टिकच्या कॅमेऱ्यात मात्र अशी तजवीजच नाही. शटरचा खटका वेगळा, रोल फिरविण्याची कळ वेगळी. फोटोचा क्रमांक मागच्या लाल खिडकीतून पाहायचा. हीच उणीव हौशी छायाचित्रकारांनी आपलीशी केली. २०१५ मध्ये बंद पडलेले होल्गाचे उत्पादन २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाले.

महाराष्ट्रातील मागच्या पिढीला हा प्रकार नवा नाही. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनविलेला 'आग्फा क्लिक थ्री' अनेक मध्यमवर्गीय घरांत होता आणि रोल फिरवायचे विसरले की बारशाच्या फोटोवर सहलीचा फोटो हमखास चढे. त्याच बडोद्यातील कलाभवनात छायाचित्रण शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी हे तंत्र जाणीवपूर्वक वापरले. 'कालिया मर्दन' (१९१९) सारख्या पौराणिक चित्रपटांचा काळ हा अशा करामतींचाच होता. घरी जी चूक ठरे, तिचाच फाळक्यांनी चमत्कार केला.

फिल्मवरील चांदीच्या क्षारांचे कण पडेल तेवढा प्रकाश साठवत जातात. दुसऱ्या वेळचा प्रकाश पहिल्यात मिळतो. म्हणजे जेथे पहिल्या वेळी अंधार होता, तेथेच दुसरे चित्र स्पष्ट उमटते. उजळ भागावर आणखी प्रकाश पडला तर फोटोत तो भाग पांढराफटक होतो. नवख्यांचे बहुतेक रोल नेमके येथेच वाया जातात, कारण दोन्ही वेळा ते आकाशच टिपतात.

वसई पूर्वेकडील वालीवचा परिसर या प्रयोगाला सोयीचा आहे. सायंकाळी एखाद्या माणसाला सावलीत, पण मागे उजळ आकाश येईल असे उभे करावे आणि खटका दाबावा. मग रोल न फिरविता तुंगारेश्वरची झाडी किंवा औद्योगिक गाळ्याची पन्हळी पत्र्याची भिंत चौकट भरून टिपावी. झाडी त्या माणसाच्या काळ्या आकृतीतच उगवलेली दिसते. होल्गाच्या दर्शिकेतून दिसणारे आणि भिंगातून येणारे दृश्य तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे माणूस चौकटीत कोठे होता, हे कागदावर टिपून ठेवणे बरे.

हिशेब साधा आहे. दोन चित्रे घ्यायची तर प्रत्येकाला निम्माच प्रकाश मिळायला हवा. पण होल्गाच्या शटरचा वेग एकच, सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. त्यामुळे प्रकाश कमी करायचा तो वेळ आणि जागा निवडून. ४०० ऐवजी १०० आयएसओची फिल्म घ्यावी आणि भर उन्हापेक्षा ढगाळ हवा किंवा सावली पाहावी. निगेटिव्ह फिल्म थोडा जादा प्रकाश सहन करते, स्लाइड फिल्म करीत नाही.

धूसर फोटोंचे गणित वेगळे आहे. होल्गाच्या 'बी' खुणेवर खटका दाबून धरला, की तो सोडेपर्यंत शटर उघडे राहते. दिवसा असे केले तर हाती कोरा फोटो येतो. अंधार पडल्यावर मात्र कॅमेरा कठड्यावर टेकवून दोन-तीन सेकंद खटका धरला, तर वालीवच्या रस्त्यावरील ट्रकचे दिवे रेषा होऊन उमटतात आणि गाळे जागच्या जागी राहतात. कॅमेरा हातात धरून तो मुद्दाम फिरविला, तर गाळेही वाहू लागतात. या दोन्हींत गल्लत करू नये. काय स्थिर ठेवायचे ते आधी ठरविले नाही, तर सगळाच चिखल होतो.

आणि हे सारे एका रोलमध्ये जेमतेम १२ वेळा. चौकोनी फोटोंसाठी १२० आकाराच्या फिल्मवर तेवढ्याच चौकटी बसतात. असा रोल धुवायला दुकाने आता मोजकीच उरली आहेत. रोल देताना एक सूचना आवर्जून द्यावी : धूसर किंवा एकावर एक आलेले फोटो बिघडलेले समजून गाळू नयेत, सर्वच्या सर्व छापावेत.