ई-सिगारेटचा ढग आणि शेजारचा मनुष्य

इंग्लंडच्या मध्यभागातील स्टॅफर्डशायर परगण्यातून एम-6 टोल नावाचा एक पथकराचा महामार्ग जातो. 5 जुलै 2012 रोजी सकाळी प्रेस्टनहून लंडनकडे निघालेली एक प्रवासी बस पोलिसांनी ह्या मार्गावर अडविली. एका उतारूच्या पिशवीतून धुरासारखे काही बाहेर पडत असल्याचे बसमधील दुसऱ्या कोणाच्या दृष्टीस पडले होते. लंडनचे ऑलिंपिक सामने तीन आठवड्यांवर आले होते, आणि घातपाताची भीती वातावरणात होतीच. सशस्त्र पोलीस आले, अग्निशामक दल आले, लष्कराचे स्फोटकतज्ज्ञ आले. उतारूंना एकेक करून खाली उतरविण्यात आले व रस्त्यावर एकमेकांपासून दूर दूर बसविण्यात आले. महामार्ग काही तास बंद राहिला. अखेर पिशवीत सापडली ती एक ई-सिगारेट!

हा प्रसंग ऐकून हसू येणे साहजिक आहे. परंतु ज्या उतारूस धूर दिसला त्याच्या जागी स्वतःस कल्पून पाहिले, म्हणजे त्याला बोल लावणे कठीण होते. पांढुरका लोट वर चढताना दिसला की कोठेतरी काही जळत आहे, असे अनुमान मनुष्यजात अग्नीचा शोध लागल्यापासून करीत आली आहे. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हे तर आपल्याकडील न्यायशास्त्रात अनुमानाचे ठरावीक उदाहरणच होऊन बसले आहे. ई-सिगारेटने ह्या अनुमानास प्रथमच रोजच्या व्यवहारात बाधा आणली. येथे लोट आहे, पण अग्नी नाही. मग शेजारी बसलेल्या मनुष्याने ह्या लोटाविषयी काय समजावे, आणि त्याची हरकत कितपत रास्त मानावी? गेल्या वीस वर्षांत निरनिराळ्या देशांनी ह्या प्रश्नाची परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत. ती समजून घेण्यापूर्वी त्या लोटाचे स्वरूप पाहिले पाहिजे.

निखाऱ्यावाचून सिगारेट ही कल्पना तशी जुनी आहे. हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1963 मध्ये तंबाखूविरहित व धूरविरहित सिगारेटच्या एकस्वासाठी अर्ज केला होता व 1965 मध्ये त्यास ते मिळालेही. परंतु ती बाजारात रुजली नाही. आज प्रचारात असलेल्या ई-सिगारेटचे श्रेय सामान्यतः होन लिक ह्या चिनी औषधनिर्मात्यास देण्यात येते. तो स्वतः अट्टल धूम्रपानी होता. त्याने 2003 च्या सुमारास आपले उपकरण सिद्ध केले आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत ते युरोप-अमेरिकेत घरोघर माहीत झाले. 2014 साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘वेप’ हा शब्द त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला, ह्यावरून त्याच्या प्रसाराची कल्पना येईल.

उपकरणाची रचना साधी आहे. एक बॅटरी, बारीक तारेचे एक वेटोळे, त्या वेटोळ्यास लागून कापसासारख्या पदार्थाची एक वात, आणि ती वात भिजत राहील इतका द्रव साठविणारी लहानशी कुपी. द्रवात मुख्यतः प्रोपिलिन ग्लायकोल व ग्लिसरीन असते; त्यात बहुधा निकोटीन व निरनिराळे स्वाद मिसळलेले असतात. ओढणाऱ्याने झुरका घेतला की तारेतून वीज वाहते, तार तापते आणि वातीतील द्रवाची वाफ होते. तार साधारणपणे दोनशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते. पेटत्या सिगारेटचे टोक झुरक्याच्या वेळी नऊशे अंशांच्या आसपास जाते. हा फरक केवळ अंशांचा नाही. नऊशे अंशांवर तंबाखूचे पान जळते, आणि त्या ज्वलनातून डांबर, कार्बन मोनॉक्साइड व हजारो इतर संयुगे जन्मास येतात. ई-सिगारेटमध्ये पानही नाही आणि ज्वलनही नाही.

तारेपासून निघालेली वाफ थंड हवेत शिरताच पुन्हा द्रवरूप होते व तिचे असंख्य सूक्ष्म थेंब हवेत तरंगू लागतात. आपल्या डोळ्यांना जो ढग दिसतो तो ह्या थेंबांचा. शास्त्रीय परिभाषेत त्यास वायुकलिल म्हणतात. धुके हेही एक वायुकलिलच. म्हणून ह्या ढगास ‘धूर’ म्हणणे जसे चुकीचे, तसेच विक्रेते म्हणतात त्याप्रमाणे ‘निव्वळ पाण्याची वाफ’ म्हणणेही चुकीचे आहे. चहाच्या किटलीतून निघणाऱ्या वाफेत निकोटीन नसते. रंगमंचावर स्वर्गलोकाचा देखावा उभा करण्यासाठी जे कृत्रिम धुके सोडतात ते पुष्कळदा ह्याच ग्लायकोल व ग्लिसरीनपासून केलेले असते. ही उपमा त्यातल्या त्यात जवळची आहे. अशा धुक्यात दीर्घकाळ वावरणाऱ्या नाट्यगृहांतील लोकांना घसा कोरडा पडणे, खोकला येणे असे त्रास होतात, हेही ह्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

विमानाच्या शौचकूपात किंवा हॉटेलच्या खोलीत ई-सिगारेट ओढल्याने आगीची सूचना देणारी घंटा कधी कधी वाजू लागते, त्याचे कारणही येथे सापडते. ह्या यंत्रांपैकी पुष्कळांत एक प्रकाशकिरण सोडलेला असतो. हवेतील कणांवर आदळून तो प्रकीर्ण झाला की यंत्र धूर असल्याचे जाहीर करते. तो कण काजळीचा आहे की ग्लिसरीनचा, हे बिचाऱ्या यंत्रास कळत नाही.

आता शेजाऱ्याच्या श्वासाकडे वळू. साध्या सिगारेटमधून धूर दोन वाटांनी बाहेर पडतो. एक ओढणाऱ्याने उच्छ्वासाबरोबर सोडलेला, व दुसरा दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेट बोटांत नुसती धुमसत असताना तिच्या टोकापासून निघणारा. खोलीत साचणाऱ्या धुरातील बहुतांश भाग ह्या दुसऱ्या वाटेने आलेला असतो. ह्या धुमसण्यात तापमान कमी असल्याने तंबाखू अर्धवट जळते, आणि हा धूर कोणाच्याही फुप्फुसात गाळला न जाता थेट शेजाऱ्याकडे जातो. ई-सिगारेटमध्ये ही दुसरी वाट मुळातच नाही. झुरका थांबला की तार थंड होते. शेजाऱ्यापर्यंत पोचते ते ओढणाऱ्याच्या छातीत जाऊन परत आलेले, म्हणजे ज्यातील पुष्कळसे निकोटीन त्याच्या शरीराने शोषून घेतले आहे, असे अवशिष्ट. शिवाय ते थेंब द्रवाचे असल्याने मोकळ्या हवेत पाहता पाहता उडून जातात. तंबाखूच्या धुराचे कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात.

तथापि ‘कमी’ म्हणजे ‘शून्य’ असा अर्थ कोणी घेऊ नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी जानेवारी 2018 मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. ई-सिगारेट ओढल्याने खोलीच्या हवेतील सूक्ष्म कणांचे व निकोटीनचे प्रमाण वाढते, ह्याविषयी निर्णायक पुरावा आहे, असे त्यात म्हटले आहे. आणि शेजाऱ्याच्या वाट्यास येणारे हे प्रमाण पेटत्या सिगारेटच्या मानाने कमी असते, ह्याविषयी मध्यम प्रतीचा पुरावा आहे, असेही त्यात म्हटले आहे. ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचावयाची आहेत. वादात उतरलेले लोक बहुधा त्यांपैकी आपल्या सोयीचे एकच उचलतात. दम्याच्या रोग्यास, लहान मुलास किंवा गरोदर स्त्रीस ह्या ‘कमी’पासूनही दूर राहावेसे वाटले, तर त्यात अवास्तव असे काही नाही.

श्वासाच्या प्रश्नास असे निदान मोजमापाने उत्तर देता येते. दृष्टीचा प्रश्न अधिक बिकट आहे. बोटांत धरलेली नळी, ओठांशी नेलेला हात, वर सोडलेला लोट, ही सर्व क्रिया पाहणाऱ्यास धूम्रपानाचीच वाटते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तरुण धूम्रपानी व्यक्तींना एका अनोळखी माणसाशी गप्पा मारावयास बसविले होते. त्या माणसाने बोलता बोलता ई-सिगारेट ओढली, तेव्हा पाहणाऱ्यांमध्ये साधी सिगारेट ओढण्याची इच्छा बळावल्याचे दिसून आले. म्हणजे जो मनुष्य सिगारेट सोडण्याच्या खटपटीत आहे, त्याच्या दृष्टीने शेजारच्या टेबलावरील ढग निरुपद्रवी नाही, मग त्यात विष किती का कमी असेना. मुलांविषयीची चिंता ह्याच जातीची आहे. सार्वजनिक जागी सिगारेट दिसेनाशी करण्यास कित्येक देशांना अनेक दशके लागली. तीच दृश्ये नव्या वेषात परत आली, तर धूम्रपान ही रोजचीच गोष्ट आहे असे मुलांना पुन्हा वाटू लागेल.

कायद्याची अडचण मात्र वेगळी होती. इंग्लंडमध्ये 1 जुलै 2007 पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानास मनाई झाली. त्या कायद्यात धूम्रपानाची व्याख्या ‘पेटविलेल्या’ पदार्थावर आधारलेली आहे. ई-सिगारेट कोणी पेटवीतच नाही! त्यामुळे ती त्या मनाईच्या बाहेर राहिली, आणि निर्णय जागेच्या मालकाकडे गेला. लंडनच्या वाहतूक संस्थेने आपल्या गाड्यांत ती ओढू दिली नाही. काही पानगृहांनी ओढू दिली. ग्राहकांस कोठे काय चालते ते दारावरची पाटी वाचूनच कळू लागले. न्यूयॉर्क शहराने उलट मार्ग धरला व एप्रिल 2014 पासून ई-सिगारेटला धूम्रपानबंदीच्या कायद्यात सामील करून टाकले.

ह्या दोन टोकांमध्ये वेल्सची हकीकत विशेष बोधक आहे. तेथील आरोग्यमंत्री मार्क ड्रेकफर्ड ह्यांनी सार्वजनिक आरोग्याचे एक विधेयक मांडले. त्यात ई-सिगारेटला बंदिस्त सार्वजनिक जागांत मनाई करण्याची तरतूद होती. धूम्रपान पुन्हा प्रतिष्ठित होऊ नये, हा त्यामागील मुख्य युक्तिवाद. विरोध केवळ विक्रेत्यांकडून झाला नाही. धूम्रपानाविरुद्ध काम करणाऱ्यांतूनही विरोध झाला. सिगारेट सोडून ई-सिगारेटकडे वळलेल्या मनुष्यास जर पुन्हा धूम्रपान्यांच्याच कोपऱ्यात, त्यांच्याच धुरात उभे केले, तर त्याने वळावे तरी कशास, असा त्यांचा प्रश्न होता. पुढे मनाई मुख्यतः मुलांचा वावर असलेल्या जागांपुरती आखडती घेण्यात आली. 16 मार्च 2016 रोजी अखेरचे मतदान झाले आणि दोन्ही बाजूंस 26-26 अशी समसमान मते पडून विधेयक बारगळले. एका लहानशा देशाच्या प्रतिनिधींनी महिनोन्‌महिने साक्षी ऐकल्या आणि तरीही सभागृह बरोबर मधोमध दुभंगले, ही गोष्ट ह्या प्रश्नाचे स्वरूप दाखविते. दुसऱ्या वर्षी तोच कायदा ई-सिगारेटचा भाग वगळून संमत झाला.

2019 साल तर विलक्षणच. त्या वर्षी जुलैमध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅम परिसरातील दोन सरकारी रुग्णालयांनी आपल्या आवारात साध्या सिगारेटवर दंड बसविला, आणि रुग्णांनी ती सोडावी म्हणून आवारातच ई-सिगारेटची दुकाने उघडू दिली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 18 सप्टेंबर 2019 रोजी, भारत सरकारने वटहुकूम काढून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा व जाहिरात ह्या सर्वांस मनाई केली. डिसेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक देश ज्या वस्तूकडे औषधाच्या नजरेने पाहतो तिला दुसरा गुन्ह्याच्या यादीत घालतो. परिस्थितीही भिन्न होती, हे विसरता येत नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी 28.6 टक्के लोक तंबाखू सेवन करीत, परंतु विडी-सिगारेट ओढणारे केवळ 10.7 टक्के होते. तंबाखू चघळणाऱ्यांचा भरणा मोठा असलेल्या देशात ई-सिगारेटने सोडविण्याजोगा भाग लहान, आणि शाळकरी मुलांमध्ये नवे व्यसन पसरण्याचा धोका मोठा, असा हिशेब येथे करण्यात आला.

भारतीय कायद्याच्या मनाईच्या यादीत प्रत्यक्ष ओढण्याचा उल्लेख नाही. म्हणून शेजाऱ्याच्या तक्रारीचा विचार करावयाचा झाल्यास इतर नियमांकडे पाहावे लागते. त्यांपैकी 1989 च्या रेल्वे अधिनियमातील कलम 167 मोठे मनोरंजक आहे. डब्यातील दुसऱ्या उतारूने हरकत घेतल्यास कोणीही तेथे धूम्रपान करू नये, अशी तरतूद त्यात करण्यात आली. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे त्यात काय पेटविले आहे हे विचारलेले नाही. सहप्रवाशाने हरकत घेतली की नाही, एवढेच विचारले आहे.